सत्त्याऐंशी पटीचा गोठा

साहेब, दूध घालणाऱ्या बावीस माणसांना तुम्ही अभ्यास दौरा म्हणून हॉलंडला नेलंत आणि आठ दिवसांत एक गोठा दाखवला नाही. फुलांच्या बागा दाखवल्यात, हिऱ्यांचं दुकान दाखवलंत. गाय दिसली ती बसच्या काचेतून, भर वेगात मागं जाणारी.

कन्हेरीचा सावळाराम निघताना जुना गोठा पाडून गेला होता. तिकडचा बघून यायचं आणि तसाच बांधायचा, एवढं त्याचं सरळ होतं. पाच गायी मागं लिंबाखाली. त्यामुळं मंडळी हिऱ्यांकडं वळली तेव्हा तो गल्लीतल्या एका काचेपुढं थबकला. आत बारकी आगगाडी फिरत होती आणि रुळाकडेला बोटाच्या पेराएवढ्या गायी चरत होत्या. तिकडची मोठी माणसं सुटे भाग विकत नेऊन घरी अशी गावंच्या गावं जोडतात, हे त्याला तिथं कळलं.

खरा गोठा दिसत नाही तर बारका तरी न्यावा म्हणून सावळारामनं आत जाऊन कागदावर कास काढली, वर पत्रा काढला, खाली शेणाची गटार काढली. म्हाताऱ्या दुकानदारानं गायींचा डबा दिला आणि गोठा नाही म्हणून मान हलवली. सावळाराम एकेक गाय तळहातावर घेऊन निवडायला लागला.

"हिची कास ल्हान हाय. दुसरी द्या."

म्हाताऱ्याला मराठी कळलं नाही, गिऱ्हाईक कळलं. त्यानं दुसरा डबा फोडला.

मग बस थांबेल त्या गावात सावळाराम तसलीच दुकानं हुडकत हिंडला. किल्ले मिळाले, विमानं मिळाली. गोठा मिळाला शेवटच्या दिवशी, चौथ्या दुकानात. गव्हाणी, गटार, वारा जायच्या फटी, सगळं सुटं.

घरी चार दिवसांत त्यानं तो जोडला. गायींच्या डब्यावर १:८७ छापलं होतं. म्हणजे खरी गाय याच्या सत्त्याऐंशी पट. त्यानं आधी प्लॅस्टिकच्या गायीला फुटपट्टी लावली, मग लिंबाखालच्या गायीला टेप. बरोबर आलं. त्याच पटीत त्यानं गोठ्याची मापं काढली.

बायको कौसल्या बघत होती. तिनं प्लॅस्टिकची गाय प्लॅस्टिकच्या दारापुढं धरली.

"अवो, ही आत जाती का बगा की."

"तिकडच्या गायी अंगानं भरल्याल्या असत्यात."

"मग त्या भाईरच ऱ्हात्यात व्हय?"

साडेचार फुटांवर भिंत आली आणि भिमा गवंडी थांबला. "आबा, हितंच पत्रं टाकू म्हंता? गाय काय गुडघं टेकून जायाची?"

"थंड मुलूख हाय त्यो. ऊब धरायची रीत असंल. टाक तू."

पत्रे पडले. पहिली गाय दाराशी आली, कपाळ अडलं, तिनं सावळारामकडं पाहिलं आणि ती मागं सरली. बाकीच्यांनी तेवढीही तसदी घेतली नाही. तेव्हा त्यानं गोठ्याचा रिकामा डबा काढून वाचला. त्यावर १:१६० होतं. गायींचं माप तेच गोठ्याचं, असं तो धरून चालला होता, आणि गोठा निम्म्याच्या जवळपास उतरला होता.

कौसल्येनं घरच्या शेळ्या आत सोडल्या. त्यांना तो अंगावर मापून शिवल्यासारखा बसला.

आठवड्यात तुमची जीप आली. अहवाल वर पाठवायचा होता आणि तुमच्याजवळ फुलांच्या फोटोंशिवाय काही नव्हतं. तुम्ही वाकून आत गेलात, शेळ्यांमध्ये उकिडवे बसलात, फोटो काढून घेतलात.

"वा, सावळारामराव. हॉलंड पद्धतीचा शेळीगोठा. दौरा सार्थकी लागला."

"साहेब, त्यो गायींचा..."

"पुढच्या महिन्यात इंदापूरची चाळीस माणसं बघायला आणतो. मापं लिहून ठेवा."

सावळारामनं जीपचं दार धरलं. "मापं देतो की. पर माज्या गायी उघड्यावर हायत. त्या कुठं बांधू?"

तुम्ही काच वर केलीत. काच खाली घ्या, साहेब, आणि सांगा. त्या पाच गायी कुठं बांधायच्या?