जावयासाठी कोंबडी

रविवारी दुपारी जावई जेवायला येणार होता आणि त्याच सकाळी कवडी खुराड्यातून बाहेर यायला तयार नव्हती. कवडी म्हणजे हौशीच्या घरातली पांढऱ्यावर करडे ठिपके असलेली गावठी कोंबडी. बरेच दिवस तिनं अंडं दिलं नव्हतं, म्हणून हौशीनं जावयाच्या ताटासाठी तिचंच नाव पक्कं केलं होतं. मसाला वाटून झाला होता, सुरीला धार लावून झाली होती, आणि कोंबडी मात्र अंग फुगवून, शेपूट खाली टाकून, डोळे मिटून उभी होती.

"सुनिता, इकडं ये. हिला काय झाला बघ."

सुनिता हौशीची सून. तिचा नवरा मुकेश वसईला कामावर असायचा. कवडी तिच्या माहेरची, खोडाळ्याहून तिच्याबरोबरच पोशेऱ्याला सासरी आलेली, त्यामुळे बेत ठरल्यापासून सुनिता सासूशी कामापुरतंच बोलत होती. तिनं कोंबडीला काखेत घेतलं, पोटाखाली बोटं फिरवली आणि तिचा चेहरा एकदम उजळला.

"आई, अंडा हाय! आत अडकलाय. हात लावून बघा, कसा कडक लागतो."

"मग?"

"मग काय? अंडा देते ती. देणाऱ्या कोंबडीला कोण कापतं का?"

"अडकलाय म्हणजे आजारी हाय ती," हौशी कपाळाला हात लावून म्हणाली. "आजारी कोंबडी जावयाला घालू? सकूला कळला तर पाड्यात तोंड दाखवायला जागा नाय राहायची मला."

सकू ही शेजारीण. तिला तीन जावई. कुठला जावई कधी आला आणि त्याला केवढी कोंबडी कापली हे सगळ्या पाड्याला पाठ होतं, कारण सकू ते कुणाला विसरू देत नसे. हौशीला एकच जावई. धनेश जव्हारला एका कार्यालयात कारकून होता आणि लग्नानंतर पहिल्यांदाच निवांत जेवायला येत होता. एकुलत्या एका जावयाच्या ताटात कोंबडी नाही, ही कल्पनाच हौशीला सहन होत नव्हती.

दुसरी कोंबडी कापावी, तर एक अंड्यांवर बसलेली, एक पिल्लांची आई आणि कोंबडा देवाला बोललेला.

"खोडाळ्याहून बॉयलर आणू का?" हौशीच्या नवऱ्यानं, लाडक्यानं ओट्यावरून विचारलं.

"बॉयलर? जावयाला?" हौशीनं त्याच्याकडं असं बघितलं की तो तंबाखू मळायचा थांबला. "त्यापेक्षा नुसता पाणी उकळून वाढू का? सुनिता, आधी बरी कर हिला. बरी झाली की कापू."

"बरी झाली तर मी कापू देणार नाय."

"आधी बरी तर कर!"

अशा रीतीनं सासूसुना एकाच कामाला लागल्या. एकीला कोंबडी जगवायची होती आणि दुसरीला कापायची होती.

"मग मी सुरी ठेवू का नको?" लाडक्यानं विचारलं.

"धरून बसा हातात," हौशी म्हणाली. लाडक्या आज्ञाधारक माणूस. तो सुरी धरून बसला.

सुनितानं माहेरी आईला विचारायला फोन घेतला. रेंज फक्त घरामागच्या बांधावर यायची आणि तीही इतकी कमी, की ओरडल्याशिवाय पलीकडं ऐकू जात नसे. "गरम पाण्यात बसवू? किती गरम? तेल खोबऱ्याचाच लावू ना? अंधारात ठेवू?" असं सगळं पाड्याला ऐकू गेलं. ती बांधावरून उतरेपर्यंत सकू कुंपणाच्या कुडाशी येऊन उभी होती.

हौशीनं घमेल्यात पाणी ओतून कोपर बुडवून पाहिलं होतं आणि कवडीला पोटापर्यंत त्यात बसवलं होतं.

"कोंबडीला आंघोळ घालतीस?" सकूनं विचारलं.

"जावय येणार हाय. आम्ही धुतल्याशिवाय कोंबडी घालत नाय."

"जिती असतानाच?"

हौशीनं कवडीच्या पाठीवर आणखी एक ओंजळ पाणी ओतलं. तेवढ्यात अंगणात मोटरसायकल वाजली. धनेश आणि हौशीची लेक कविता ठरल्यापेक्षा बरेच लवकर आले होते. धनेशनं नवा पांढरा शर्ट घातला होता. जावयाच्या पायांसाठी तापवलेलं पाणी घमेल्यात कोंबडीखाली गेलं होतं, हे हौशीच्या आत्ता लक्षात आलं. तिनं घाईघाईनं पदराला हात पुसले, सुनिता आणखी पाणी तापवायला धावली, आणि जाता जाता तिनं समोर दिसेल त्या माणसाच्या हातात भिजलेली कोंबडी दिली.

"भावजी, जरा धरा."

धनेशनं धरली. आणि इतका वेळ फडफडून दोघींना भिजवणारी कवडी त्याच्या हातात गप्प झाली. तिनं मान त्याच्या कोपरावर टेकली.

"अगं बया, जावयाच्या हातात कोंबडी!" हौशी धावली. "द्या इकडं. तुम्ही चटईवर बसा, चहा घ्या."

हौशीनं तिला घेताच कवडीनं पुन्हा पंख आपटले, धापा टाकल्या. सुनिताकडं दिली तरी तेच. परत धनेशकडं दिली तर पुन्हा शांत. शेवटी नवी चटई आतल्या खोलीत, भाताच्या कणगीमागं अंधारात अंथरली आणि पाहुण्याला कोंबडी मांडीवर देऊन तिथं बसवलं.

"घरी कुकरच्या शिट्ट्या झाल्या तरी उठत नाहीत," कविता सुनिताला म्हणाली. "आणि इथं बघ."

हौशी मात्र लाजेनं अर्धी झाली होती. जावई ओल्या कोंबडीसह अंधारात, सासरा सुरीसह उजेडात, आणि शेजारीण कुडाशी. आतून धनेशचा आवाज येत होता. कार्यालयात येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांशी तो ज्या आवाजात बोले, तोच आवाज होता.

"घाई करू नका. बसा आरामात. होईल तुमचं काम. आजच होईल."

कवडी हळू कुरकुरत होती. सुनिता मधून मधून तेलाचं बोट लावून बाहेर येत होती. चहा गार झाला, दुसरा केला, तोही गार झाला. हौशी चुलीपाशी बसून होती. कापायची म्हणून बरी करायची हे ती केव्हाच विसरली होती. आतली कुरकुर थांबली की ती उठून आत डोकवायची.

मग आतून एक ओरडा आला. "आलं! मामी, आलं!"

धनेश बाहेर आला तेव्हा नव्या शर्टाची पार दशा झाली होती, पण तो छाती पुढं काढून चालत होता. तळहातावर अंडं होतं, चांगलं मोठं, अजून गरम. "माझ्या हातात दिलं तिनं," तो प्रत्येकाला वेगवेगळं सांगत होता. सासऱ्याला त्यानं दोनदा सांगितलं. कवडी त्याच्यामागून चालत आली, पिसं झटकली आणि घमेल्यातलं पाणी प्यायला लागली.

लाडक्या सुरी घेऊन उठला. "झाली बरी. आता?"

सुनिता कवडीच्या आड येऊन उभी राहिली. धनेशनं सुरीकडं पाहिलं, कोंबडीकडं पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला.

"हिलाच कापणार होता? माझ्यासाठी? मामी, मी नाही खाणार. शपथेवर सांगतो."

हौशीनं लाडक्याच्या हातून सुरी घेतली आणि घरात नेऊन मडक्यामागं टाकली. तिला सुटल्यासारखंही वाटलं आणि रडूही आलं. वाटलेल्या मसाल्यात तिनं बटाटे टाकले. नागलीची भाकर, बटाट्याचा लालभडक रस्सा आणि मधोमध ते उकडलेलं अंडं, असं ताट तिनं जावयापुढं ठेवलं आणि मान वर केली नाही. धनेशनं रस्सा तीनदा मागून घेतला. अंड्याला मात्र त्याचा हात धजेना, त्यानं ते अलगद बाजूला ठेवलं. शेवटी लाडक्यानं कुणाचं लक्ष नाही असं बघून ते तोंडात टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोरिंगवर बायकांची गर्दी होती. सकू वाटच बघत होती.

"हौशे, जावयाला बटाटा घातला म्हणं?"

बायकांनी हंडे खाली ठेवले. हौशीला रात्रभर याचीच धास्ती होती. पण समोर सकूचं तोंड दिसलं आणि तिच्या डोळ्यांपुढं एकदम धनेश आला, घाणेरड्या शर्टात, अंडं पुढं धरून चालत येणारा. एवढा अभिमान तिला लेकीच्या लग्नातही वाटला नव्हता. तिनं पदर खोचला.

"घातला. तुझ्या तिघांनी आजवर कोंबड्याच खाल्ल्या. एकाला तरी अडलेली कोंबडी सोडवता आली का?"

बोरिंगचा दांडा हलायचा थांबला. सकूनं सगळ्यांकडं पाहिलं, मग हंड्यात पाहिलं, आणि जरा जवळ सरकून आवाज खाली आणला.

"गेले का गं ते जव्हारला? माझी तांबडी कालपासनं फुगून बसलीय."

हौशीनं सावकाश हंडा डोक्यावर घेतला.

"फोन करून विचारते," ती म्हणाली. "पण कामाचा माणूस हाय तो. लगेच येतील असा सांगत नाय मी."