दारातून या

मलंगगडाच्या माचीवर एका जुन्या राजाच्या वाड्याचे अवशेष आहेत. भिंती बहुतेक पडल्या, छप्पर कधीचंच गेलं. एक दगडी चौकट तेवढी उभी आहे. कुठूनही आत जाता येतं. आमचे तात्या मात्र त्या चौकटीतूनच आत जात. बाहेर वहाणा काढायच्या, पाय न लावता उंबरठा ओलांडायचा आणि आत जाऊन आम्हाला म्हणायचं, "या, बसा. यंदा शाकारणी तेवढी राहिलीय."

शाकारणी म्हणजे पावसाळ्याआधी छपराची डागडुजी. ती तिथं निदान तीन-चारशे वर्षं राहिलेली असावी.

तात्या अंबरनाथला काडेपेटीच्या कारखान्यात कामाला होते. बुवापाड्याच्या चाळीत माझ्या शेजारच्या खोलीत एकटे राहत. मी शाळेत मास्तर. शेजारी असूनही मी त्यांची खोली आतून कधी पाहिली नव्हती. कुणी कडी वाजवली की ते बाहेर येत, दार मागे ओढून घेत आणि म्हणत, "खोलीवर काय यायचं? रविवारी वाड्यावर या."

चाळीत त्यांना 'संस्थानिक' म्हणत. संस्थानं विलीन झाली तेव्हा नळावर कुणीतरी विचारलं, "तात्या, तुमच्या गादीचं काय झालं हो?"

"आम्हाला अजून पत्र नाही आलं," तात्या म्हणाले आणि घागर भरू लागले.

वाड्यावरचा पाहुणचार ठरलेला असे. आधी पाणी, मग गूळ, मग भाकरी. पाहुणा बसल्याशिवाय पाणी नाही. कातकऱ्यांची एखादी शेळी आत शिरली तर तिलासुद्धा ते दारातूनच बाहेर काढत. शेळी पडक्या भिंतीकडे धावे, तात्या तिला वळवून चौकटीकडे आणत. निघताना उंबरठ्यावर मूठभर तांदूळ ठेवत. "पाखरांना," म्हणत. मग विचारत, "कसं वाटलं घर?" छान आहे, असं म्हटल्याशिवाय खाली उतरायची सोय नव्हती.

आमच्या चाळीत निर्वासितांच्या कँप पाचातून टहलराम नावाचे कापडवाले सायकलवर गठ्ठा लादून येत. सिंधमधलं घरदार सोडून आलेले. धंद्यातली त्यांची एक शिस्त होती, दुसऱ्याच्या मालाला चांगलं म्हणायचं नाही. म्हटलं की भाव चढतो. त्यांना देऊळ दाखवा, बारसं झालेलं मूल दाखवा, ते म्हणणार, "ठीक है. चलेगा."

हे कळल्यापासून तात्यांना चैन पडेना. "मास्तर, ह्या माणसाच्या तोंडून 'छान' काढायचंच. नाहीतर वाड्याची अब्रू ती काय राहिली?"

एका रविवारी आम्ही तिघं पहाटे निघालो. टहलराम जागोजागी दम खात होते. माचीवर पोचल्यावर तात्यांनी सगळ्या पठारावरून हात फिरवला. "हे आमचं अंगण."

"ठीक है."

"हे पाण्याचं टाकं. चैत्रातही आटत नाही."

"चलेगा."

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात टहलरामांना आत एक सपाट दगड दिसला. ते पडक्या भिंतीवरून सरळ आत गेले आणि त्यावर बसले.

"साईं, उठा," तात्या म्हणाले. "आमच्यात अशी पद्धत नाही. दारातून या."

"अरे, दीवार किधर है?"

"भिंत नसेल. दार आहे."

मला वाटलं, आता दोघांची जुंपणार. पण टहलराम उठले, बाहेर गेले, वळसा घालून चौकटीशी आले. जोडे काढले. बोटांनी दगडावर टकटक केली.

"बैरक में दरवाज़ा नहीं, टाट का परदा है," ते जरा संकोचून मला म्हणाले. "परदे पे कौन ठोकेगा?"

मग आत वाकून, कुणाच्याही घरी गेल्यावर विचारतात तसं त्यांनी विचारलं, "भाभी किधर है?"

तात्या पाण्याचा तांब्या धरून उभेच राहिले.

"इथंच आली होती," शेवटी म्हणाले. "लग्न होऊन कोकणातून आली तेव्हा. माझ्या मामानं तिच्या घरी सांगून ठेवलेलं, मुलाचा वाडा आहे. आणि खोलीत आम्ही पाच गडी. त्यांच्यासमोर नव्या नवरीला माप ओलांडायला कसं लावू? सरळ इथं आणली. ह्या उंबरठ्यावर तांदळाचं माप ठेवलं. तिनं पायानं लवंडलं, आत आली, वर बघितलं आणि म्हणाली, 'छप्पर कुठाय?' म्हटलं, यंदा शाकारणी राहिलीय. तर अशी हसायला लागली..."

त्यांनी तांब्या खाली ठेवला.

"मग आताची ही खोली घेतली. त्याच पावसाळ्यात तापानं गेली."

कापडाचा पोत बघावा तसं टहलरामांनी चौकटीच्या दगडावरून बोट फिरवलं, वरपासून खालपर्यंत. मग जपून उंबरठा ओलांडला.

"बढिया घर है, साईं."

"मराठीत सांगा," तात्या म्हणाले.

"छान."

त्यानंतर टहलराम बऱ्याचदा आमच्याबरोबर आले. दरवेळी बाहेर थांबत, दगड ठोठावत आणि हाक मारत, "भाभी, मेहमान आए हैं." तात्या आधीच लगबगीनं आत गेलेले असत. टोपी सारखी करून ते आतून म्हणत, "या, बसा."

तात्या गेले. त्यानंतर एका रविवारी आम्ही दोघं वर गेलो. मी पुढे होऊन उंबरठ्यावर तांदूळ ठेवले आणि आत गेलो. टहलरामांनी बाहेर जोडे काढले. दगड ठोठावला. "तात्या, भाभी," ते म्हणाले, "मेहमान आए हैं."

आत मी एकटाच होतो.

"या, बसा," मी म्हणालो.