खेत्रोजी गरीब यांची नेमणूक आणि भागीदारीची हकीकत

जो श्रीमंतांचेही पाहतो आणि गरिबांचेही पाहतो, परंतु मध्ये पडत नाही, त्यास दंडवत करोन ही हकीकत लिहावयास घेतली.

शके अठराशे चौऱ्याऐंशी, शुभकृत् नाम संवत्सर. नाव शुभकृत्, परंतु राज्यात पाऊस नाही, चारा नाही, मोठमोठे सरदार एकमेकांचे घरी जेवणाचे वेळी सहज म्हणोन जाऊ लागले. तेव्हां थंड मुलुखीच्या महाराजांस करुणा येऊन त्यांनी जहाजे भरोन गहू, दुधाची भुकटी आणि विहिरी पाडावयाची यंत्रे धाडिली, आणि हणरीख साहेब नामे वकील दिले, की दिलेले पोचते काय ते दरसाल डोळां पाहोन यावे. त्या गव्हावर लोक जगले, यात शंका नाही. मग पुढील साली पाऊस उत्तम जाहला, विहिरींस पाणी लागले, आणि दसरा होताच साहेब गरीब पाहावयास आले, तो गावात कोणीच नाही. अवघे कामास गेलेले. कारभारी नरसोपंत घामाघूम जाहले. गरीब न दिसता मदत बंद, आणि मदत बंद होता तिच्या भरवशावर खणावयास घेतलेला कालवा अर्धा राहतो, ऐसा पेच. मग गाव धुंडाळिता खेत्रोजी गवंडी पाय मुरगळोन घरी बसलेले सापडले.

पंत बोलिले, "खेत्रोजी, साहेब पुसतील काय कमी आहे. 'सर्वच' म्हणावे आणि खाली पाहावे."

खेत्रोजी बोलिले, "पण पंत, पाय सोडून माझे सगळे बरे चालले आहे."

"आजचा दिवस चालवू नका."

खेत्रोजींनी खाली ऐसे पाहिले की साहेबांचे डोळां पाणी आले आणि उरला कालवा मंजूर जाहला. मग दरबाराने 'राजमान्य गरीब' हा हुद्दा कायम करोन खेत्रोजींस बहाल केला, आणि छपराची गळती राखावयास सरकारी सुतार नेमिला, तो दर वैशाखात येऊन धड बसलेली कौले हलवोन जाई. एक अडचण मात्र राहिली. खेत्रोजींची बायको सगुणाबाई हसतमुख होती, ते गरिबीस शोभेना. पंत बोलिले, "वहिनी, एकटा गरीब अधिक गरीब दिसतो. चार दिवस राजधानीस बहिणीकडे राहा."

सगुणाबाई बोलिल्या, "आणि यांना भाकरी कोण करणार?"

"कोणी न केली तर उत्तमच."

खेत्रोजी बोलिले, "जा गं, कालव्याचे काम आहे. चारच दिवस." मग त्या गेल्या, आणि चार दिवस संपले ऐसा हुकूम दरबारातून निघावयाचा राहिला.

मग खेत्रोजी एकटे गरिबी करू लागले. हुद्द्यावरील माणसाने काम करणे बरे दिसत नाही म्हणोन थापी कोनाड्यात गेली, आणि गावचे लोक सरकारी माणूस म्हणोन दबकोन लांबूनच जात. दरसाल साहेब येत, तेवढा एक दिवस घरात दुसरा माणूस असे. साहेब बोली शिकले, जमिनीवर मांडी घालोन बसू लागले, आणि आपल्या मुलुखीच्या बर्फाचे सांगत. त्यांसही घरी कोणी नव्हते. एकदा बोलिले, "खेत्रोजी, तुमच्याकडे बसले की बरे वाटते. फक्त तुमचे काही सुधारत नाही, याचे वाईट वाटते."

खेत्रोजी बोलिले, "साहेब, वरून प्रयत्न चालू आहेत." मग निरोप घेऊन साहेब जात, आणि खेत्रोजी वर्षभर त्यांची वाट पाहत.

ऐसे होता होता राज्य भरभराटले. कालवे वाहिले, कारखाने उठले, आणि ज्या जहाजांतून गहू येत असे ती जहाजे राज्यातच बांधोन थंड मुलुखीस विकत देऊ लागले. शके एकोणीसशे दहा, विभव नाम संवत्सरी उभय महाराजांनी ठरविले की आता दाता नाही, घेता नाही, उभयतां भागीदार. तहाचे दिवशी दोन्ही खुर्च्या सारख्या उंचीच्या असाव्या म्हणोन इकडचा सुतार इकडचे पाय कापी, मग तिकडचा तिकडचे कापी, आणि सायंकाळी दोन्ही महाराज जमिनीवर बसोन सह्या करते जाहले. साहेबांचे काम संपले. त्यांनी खेत्रोजींचा हात हाती घेऊन बराच वेळ सोडिला नाही, मग जहाजात बसोन गेले.

दुसरे दिवशी खेत्रोजींचा हुद्दा रद्द जाहला आणि कौले नीट बसविण्यात आली. खेत्रोजी दरबारी गेले आणि बोलिले, "पंत, आता माझे खरेच कमी पडते आहे. घरात बोलायला माणूस नाही."

पंत बोलिले, "राज्यात आता कमी काही नाही, खेत्रोजी. असेल ते तुमचे खासगी."

मग खेत्रोजी तसेच सगुणाबाईंकडे गेले. त्या बहिणीसंगे शेवया वाळत घालीत होत्या. खेत्रोजी बोलिले, "झाले चार दिवस. चल."

त्या हसल्या नाहीत. बोलिल्या, "तुम्ही एकदा तरी न्यायला आलात का? आता माझे सगळे इथे आहे. शेवया घेऊन जा हव्या तर." आणि शेवया बांधोन दिल्या.

पुढे उभय भागीदारांनी मिळोन दूरचे एका बेटास मदत द्यावी ऐसे ठरले, आणि गरिबी आतून पाहिलेला अंमलदार दरबारी दुसरा नसल्याने खेत्रोजींसच वकील करोन, कोट घालोन धाडिले. खेत्रोजींस आनंद जाहला, की दरसाल एक दिवस तरी कोणाजवळ बसावयास मिळेल. बेटावर तेथील कारभाऱ्याने त्यांस एका झोपडीत नेले. आत एकटा माणूस, खाली पाहत बसलेला. वर पाहता छप्पर गळके, परंतु गळती नव्या हाताची, बेताने केलेली. खेत्रोजींनी ते ओळखिले. नेमिलेला प्रश्न, काय कमी आहे, तो त्यांनी पुसिलाच नाही. दुभाष्याकरवी पुसिले, "घरची माणसे कुठे आहेत?"

त्या माणसाने आपल्या कारभाऱ्याकडे पाहिले. कारभारी भिंतीकडे पाहू लागला. मग माणूस हळूच बोलिला, "नेली."

"का?"

"आपण येणार म्हणून."

खेत्रोजी तात्काळ उठिले. कारभारी बोलिला, "साहेब, बसा, आत्ताच तर आलात." परंतु खेत्रोजी पाणीही न घेता बाहेर पडिले, आणि मदत घरोघर जाऊन न पाहता द्यावी, गरीब पाहावयास कोणी कधी येऊ नये, ऐसे दरबारास कळविते जाहले.

येणेप्रमाणे हकीकत घडली. दरबाराने ते मानिले आणि वकिलाची जागा रद्द केली. बेटाचे बरे चालले आहे. भागीदारी उत्तम आहे. खेत्रोजी आपले घरी आहेत. छप्पर गळत नाही, त्यामुळे पावसाळ्यातही घरात काही आवाज नसतो.