सहलेखकांचा फ्लेक्स

“या वेळी पेपरवर फक्त दोन नावं असतील! ज्यांनी काम केलं त्यांचीच! तिसरं नाव घुसवायला कुणी आलं, तर दारातूनच परत पाठवीन!”

असं म्हणून निरंजनने टेबलावर मूठ आपटली. जपूनच आपटली, कारण टेबल कॉलेजचं होतं आणि त्याच्या एका पायाखाली जुन्या उत्तरपत्रिकांची घडी होती. निरंजन ताथवड्याच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात हंगामी प्राध्यापक होता. त्याची नेमणूक दर जूनमध्ये नव्याने व्हायची, त्यामुळे त्याचं शौर्य साधारण एप्रिलपर्यंत टिकायचं. आणि मार्च तर संपत आला होता!

समोर त्याची एम.टेक.ची विद्यार्थिनी सायली बसली होती.

“नक्की ना, सर?”

“शब्द देतो!”

सायलीला त्या शब्दाची फार गरज होती. ती रोज तळेगावहून स्कूटरवर यायची आणि दिवसभर प्रयोगशाळेतल्या लेथवर लोखंड कापायची. कापताना लोखंड गार ठेवायला ओततात ते कुलंट कमी वापरलं तर टूलची धार किती झिजते, हे सूक्ष्मदर्शकाखाली मोजून मोजून तिचे डोळे लाल झाले होते. मे महिन्यात तिची पीएच.डी.ची मुलाखत होती. तिचे वडील रोहिदास तळेगावच्या एका कारखान्यात फिटर होते. त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं, “नाव छापून आलं तर शीक पुढं. न्हाई आलं तर चाकणच्या कंपनीत जागा हाय, तिथं रुजू व्हायचं.”

प्रयोगशाळाही अशी, की तिथे काम करणाऱ्याला खरं तर शौर्यपदक द्यायला हवं! ती नेमकी पाण्याच्या टाकीखाली होती. टाकी भरून वाहिली की छतातून पाणी थेट लेथवर! त्यामुळे लेथवर कायम एक बादली असायची. दुरुस्तीसाठी निरंजनने इतके अर्ज दिले होते, की त्याला लांबून पाहिलं तरी प्राचार्य म्हणायचे, “टाकीचं ना? बघू!”

आणि तरीही पेपर झाला. एका नावाजलेल्या जर्नलने तो पसंत केला, किरकोळ दुरुस्त्या करून पुन्हा पाठवा म्हणाले. इथे निरंजनने आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक केली. त्याने स्टाफरूममध्ये पेढे वाटले!

पेढा तोंडात असतानाच प्राचार्यांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं.

“लेथ कॉलेजची, वीज कॉलेजची, आणि पेपरवर कॉलेजच्या प्रमुखाचंच नाव नाही?”

“सर, जर्नलचा नियम आहे, ज्याने काम केलं त्याचंच...”

“जून जवळ आलाय, नाही का?” प्राचार्यांनी कॅलेंडरकडे पाहत विचारलं.

नाव घातलं. मग विभागप्रमुख आले. “प्राचार्यांनी ती लेथ पाहिलेलीसुद्धा नाही! मी निदान पाहिलेली आहे!” त्यांचंही घातलं. संध्याकाळी प्राचार्यांना आठवलं, की संस्थेचे अध्यक्ष राहिले! निरंजनला गाडीत घालून ते अर्जुनरावांच्या बंगल्यावर घेऊन गेले.

अर्जुनराव गावचे जुने जमीनदार. अर्धी जमीन टॉवरवाल्यांना गेली, उरलेल्या जागेवर त्यांनी कॉलेज काढलं. माणूस मनाने वाईट नव्हता.

“कसला पेपर म्हणता? आमाला कोर्टाचा पेपर तेवढा ठाऊक.”

“साहेब, संशोधनाचा. फक्त आपलं नाव हवंय.”

“मग पयलं टाका. आमचं नाव मदी टाकल्यालं बरं दिसत न्हाई.” त्यांनी कागद हातात घेतला आणि त्यांचा चेहरा पडला. “हे काय? एवढीच माणसं? आवो, आमच्याकडं बारशाच्या फ्लेक्सवर तीस-तीस फोटू असत्यात! माणसं सोडली की राग धरत्यात राव!”

मग अर्जुनरावांचा पुतण्या समर्थ आला, कारण त्याला महापालिकेला उभं राहायचं होतं. समर्थला उभं करणारे आले. त्यांच्यात अर्जुनरावांचे एक व्याहीसुद्धा होते! निरंजन सायलीच्या वर नावं भरत गेला, भरत गेला, आणि आठव्या नावाला जर्नलच्या वेबसाइटने हात टेकले. आठच्या वर लेखक चालणार नाहीत! सायली नववी होती.

“विद्यार्थी काय, दरवर्षी येतात,” प्राचार्य म्हणाले. “तिला आभारात टाका.”

दुसऱ्या दिवशी निरंजनने सायलीला हे सांगितलं. सांगताना तो तिच्याकडे न बघता बादलीकडे बघत होता.

“सर, धार कुणी मोजली? व्याह्यांनी?”

“पुढच्या पेपरात पहिलं नाव तुझं! शब्द देतो!”

“मागचा शब्द अजून माझ्याकडेच आहे, सर.” तिने सूक्ष्मदर्शकावर कव्हर घातलं, हेल्मेट उचललं आणि ती निघून गेली. भांडली असती तर बरं झालं असतं, असं निरंजनला वाटलं. दिवसभर त्याला घास गोड लागला नाही.

चौथ्या दिवशी चौकात फ्लेक्स झळकला. सिग्नल झाकून टाकील एवढा मोठा! ‘आंतरराष्ट्रीय शास्त्रज्ञ मा. अर्जुनराव व सहकारी यांचे हार्दिक अभिनंदन!’ मधोमध फेटा घातलेले अर्जुनराव, बाजूला मोबाइल कानाला लावलेला समर्थ, मग प्राचार्य, विभागप्रमुख, व्याही. मागे एक रॉकेट उडत होतं, कारण छापणाऱ्याला लेथचं चित्र सापडलं नाही. निरंजन अगदी खालच्या कोपऱ्यात, आधारकार्डावरच्या फोटोएवढा. आणि दोरी बांधायचं भोक बरोबर त्याच्या नाकावर पाडलेलं! सायली रोज त्याच चौकातून तर यायची. आता येत नव्हती, एवढंच काय ते बरं.

मग जर्नलच्या संपादकबाईंचं पत्र आलं. मूळ लेखाला दोन लेखक होते, त्यांचे आठ कसे झाले? आणि त्या दोनांतली दुसरी लेखिका गेली कुठे? प्रत्येकाने आपण नेमकं काय काम केलं ते स्वतंत्रपणे कळवावं!

प्राचार्यांनी कळवलं, ‘मार्गदर्शन.’ विभागप्रमुखांनी कळवलं, ‘मार्गदर्शन.’ समर्थने रक्तदान शिबिराचे फोटो पाठवले. अर्जुनरावांनी आधी गुलाबाचं फूल आणि ‘शुभ सकाळ’ धाडलं, मग थेट फोन लावला. “बाई, प्रयोग झाला ती जागा आमची हाय. सातबारा दावू का?”

आलेल्या उत्तरांतलं तेवढं एकच खरं होतं.

बाईंनी चौकशी लावली. कॉलेजात धावपळ उडाली. प्राचार्यांनी घाईघाईने बैठक घेतली आणि तोडगा काढला, “आम्हाला या पेपरची कल्पनाच नव्हती! निरंजनने आमची नावं परस्पर घातली!”

“मी?” निरंजन ओरडला. तसं पत्र टाइप होऊन त्याच्यासमोर आलंसुद्धा.

“अवो, सही करा की,” अर्जुनराव मायेने म्हणाले. “तुमाला कोण वळखतंय? आमाला चौकात तोंड दावायचं असतं.”

जून समोर दिसत होता. निरंजनने सही केली. सहीचं अक्षर मात्र छान आलं!

दोन दिवसांत बाईंचं उत्तर आलं. ‘आपल्याला लेखाची कल्पना नव्हती हे वाचून आश्चर्य वाटलं. मग सोबतचं छायाचित्र कशाचं आहे?’ सोबत फ्लेक्स होता! आठही चेहरे, रॉकेट, सगळं! समर्थने तो फेसबुकवर टाकला होता आणि हौसेने जर्नललाच टॅग केलं होतं!

पेपर रद्द झाला. या कॉलेजातून आलेलं काहीही पुढची काही वर्षं वाचणार नाही, असं जर्नलने कळवून टाकलं. आता घाबरायला काही उरलं नव्हतं, म्हणून निरंजनने संपादकबाईंना खरं ते लिहिलं. काम सायलीचं, घाबरटपणा माझा. बाईंनी सौजन्याने उत्तर दिलं, की सायलीने तिच्या एकटीच्या नावाने लेख नव्याने पाठवावा. तेवढी एक सवलत देता येईल, पण तपासणी पहिल्यापासून होईल, वेळ लागेल.

निरंजनने धावत जिना उतरून फोन लावला. तिकडे मशिनांचा आवाज होता.

“सायली, अगं, पेपर तुझ्या नावाने पाठवता येतोय! एकटीच्या!”

“सर, मुलाखत परवाच झाली.”

“मग? कशी झाली?”

“मी गेले नाही. दाखवायला काय नेणार होते? आभार?” मागून कुणीतरी तिला हाक मारली. “ठेवते सर, शिफ्ट सुरू आहे.”

धावत उतरलेला जिना निरंजन एकेक पायरी करत चढला.

जूनमध्ये निरंजनची नेमणूक झाली! बिनबोभाट झाली. सांगितलं तिथे सही करणारा माणूस कॉलेजला पुन्हा कुठे मिळणार होता? ज्या जूनसाठी हे सगळं केलं, तो जून आला आणि त्यात करण्यासारखं काही नव्हतं. प्रयोगशाळा रिकामी. सूक्ष्मदर्शकावर सायलीने घातलेलं कव्हर तसंच होतं. ते काढायला त्याचा हात होईना.

चौकातला फ्लेक्स शिपायाने केव्हाच उतरवून आणला होता आणि कुठे टाकायचा म्हणून प्रयोगशाळेत कोपऱ्यात उभा केला होता. त्या दुपारी टाकी पुन्हा भरून वाहिली. बादली फुटलेली. निरंजनने गुंडाळी उलगडली आणि लेथवर पांघरली. वर अर्जुनराव आले, समर्थ आला, प्राचार्य आले, व्याही आले. त्यांच्या फेट्यांवरून, गॉगलवरून पाणी घरंगळून जमिनीवर जाऊ लागलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच सगळे सहलेखक प्रयोगाच्या कामी आले होते!

निरंजनला जरा बरं वाटलं. तेवढ्यात आतून टप, टप असा आवाज आला. त्याने वाकून पाहिलं. लेथ भिंतीला लागून असल्यामुळे फ्लेक्सचा खालचा कोपराही नेमका गळतीखाली आला होता, आणि बाकी सगळीकडून पाणी बाहेर घरंगळत असताना एकाच ठिकाणाहून ते आत गळत होतं.

त्याच्या स्वतःच्या फोटोतून. नाकावरच्या त्या भोकातून.