उणे चार

शून्याइतकं पवित्र जगात काही नाही. विश्रांतवाडीच्या एका प्रयोगशाळेत तर ते बाटलीत भरून ठेवलेलं असे. पुण्यातलं सर्वांत शुद्ध पाणी! तिथलं मास स्पेक्ट्रोमीटर नावाचं यंत्र पाण्याचे अणू सुटे करून तोलतं आणि अब्ज भागांत शिसं किती ते सांगतं (दहापर्यंत प्या, पुढे आपापल्या जबाबदारीवर). आधी बाटलीतलं शून्य मोजायचं, मग गिऱ्हाइकाचं पाणी, आणि दुसऱ्यातून पहिलं वजा करायचं.

खंडेनवमीला यंत्राची पूजा झाली. कलशात शुद्ध पाणीच हवं, असा संचालक आप्पासाहेबांचा आग्रह. झालं, शून्याची बाटलीच पाटावर बसली. कसबा पेठेतून आणलेला शेंदूर आप्पासाहेबांनी स्वहस्ते तिच्या गळ्याला आतूनबाहेरून लावला. (शेंदूर शिशापासून करतात, हे पूजेच्या यादीत लिहिलेलं नव्हतं.) आरतीनंतर बाटली आपल्या जागी गेली.

सुट्टी संपल्यावर शून्य भरलं अठरा. कुसुमआजींच्या सोसायटीच्या बोअरचं पाणी भरलं चौदा. वजाबाकी केली, उरले उणे चार. म्हणजे पाण्यात शिसं नव्हतं, एवढंच नव्हे, तर नसण्यातही चार भाग कमी होतं.

मोजणी करणारा होता सलिल. अहवालावर सही त्याची, आणि नोकरी अजून कायम व्हायची होती. त्यात आजींनी बजावलं होतं, नात ओवी सहा महिन्यांची आहे, तिचं पावडरचं दूध याच पाण्यात कालवतो, तेव्हा नीट बघा. बिचाऱ्याने नवी बाटली फोडून पुन्हा मोजलं. शून्य शून्यावर आलं, पाणी चौदावरच राहिलं.

आप्पासाहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "बिनपूजेच्या बाटलीवरचे आकडे आपली संस्था धरत नाही."

सलिलने उणे चारवर सही केली. मग कागद उलटून मागे पेन्सिलीने लिहिलं: 'खरे चौदा. बाळाला नळाचं पाणी द्या.'

आजींनी मागची ओळ वाचली आणि त्याच संध्याकाळी ओवीचं पाणी बदललं. पोर बचावली, आजींचा जीव भांड्यात पडला. पुढे सोसायटीच्या सभेत त्या म्हणाल्या, "अहो, कागदाला मागची बाजूही असते."

अध्यक्ष म्हणाले, "असेल हो. पण सही पुढे आहे ना?"

बोअरचंच पाणी प्यायचा ठराव बहुमताने मंजूर झाला. उणे पाणी प्यायल्याने अंगातलं शिसं घटतं, हा हिशेब कुणीतरी मांडला आणि शेजारच्या तीन सोसायट्या कॅन घेऊन रांगेत लागल्या (ज्येष्ठ नागरिकांना प्राधान्य). सलिलची नोकरी कायम झाली. त्याने डबा मात्र घरच्या पाण्यासकट आणायला सुरुवात केली.

कुसुमआजींनी अहवाल लिफ्टशेजारी एका खिळ्यावर टांगलाय, कुणालाही उलटून बघता यावा म्हणून. आजवर कुणी उलटलेला नाही. हसा खुशाल. आपल्या लिफ्टशेजारचा कागद आपण अजून पुढूनही वाचलेला नाही.