दगूनानांचा काठ

दुसऱ्याच्या होडीतून जायचं असेल तर चपला हातात घ्यायच्या, हा नियम मला दगूनानांनी पन्नास माणसांसमोर शिकवला. बुधवारच्या बाजारामुळे काठाला होड्यांची ही गर्दी, आणि शाळेला उशीर झाला म्हणून मी तीन होड्या तुडवत माझ्या होडीकडे निघालेलो. "गुरुजी, माघारी या!" नाना कडाडले. "त्या होडीत बाईनं भाकर बांधून ठेवलीय. तुमच्या घरी चुलीपाशी चपला घालून कोणी जातं का?" आलो माघारी. करतो काय! चपला हातात घेऊन पुन्हा गेलो. माझ्या विद्यार्थ्यांचे बाप फिदीफिदी हसत होते.

आणीबाणी उठली त्या वर्षी माझी नाशिकजवळच्या एका धरणावर बदली झाली. राहायला मी अलीकडच्या गावात, शाळा पलीकडच्या काठावर, मधे पाणी. पलीकडची गावं भाजी, पेरू, कोंबड्या घेऊन होडीनं आमच्या काठाला यायची आणि इथून एसटीनं नाशिकला जायची. काठ एवढासा, आणि त्यावर राज्य दगूनानांचं. त्यांना कोणी नेमलं होतं? कोणीही नाही! पगार नाही, शिट्टी नाही, स्वतःची होडीसुद्धा नाही. डोक्याला मुंडासं, हातात बाभळीची काठी, की झाले साहेब.

"नाक काठाला, शेपूट पाण्यात!" हे दिवसातून शंभरदा. आडवी लावलेली होडी चार होड्यांची जागा खाते हे खरं, पण म्हणून माणसाचा किती छळ करायचा? दुसऱ्याच्या खुंटीला आपलं दावं बांधायचं नाही. येणाऱ्याला आधी जागा, जाणाऱ्यानं थांबायचं. आणि जाणारा रोज मी!

"नाना, शाळेची घंटा झाली असेल हो."

"घंटा काय नासती का? त्यांच्या टोमॅटोला ऊन लागतंय."

हेडमास्तरांना हे कारण सांगून बघा एकदा.

मग पूल झाला. मी पेढे वाटले, खोटं कशाला बोलू? सायकल घेतली आणि पहिल्याच दिवशी हेडमास्तरांच्याही आधी शाळेत पोचलो. महिन्याभरात काठावर मासे धरणाऱ्यांच्या दोन होड्या उरल्या.

एका रविवारी नानांचा मुलगा माझ्याकडे आला. नाशिक रोडला नोकरीला, सरळ माणूस. "गुरुजी, नानांना न्यायला आलोय. किती वर्षं मागं लागलोय! दर वेळी एकच, काठावर लय गर्दी हाय, मी हललो तर होड्या एकमेकींवर चढतील. पूल झाला तरी तेच. आता म्हणतात, गुरुजींना विचार, ते म्हणतील तसं. तुम्ही सांगा. गर्दी नसली तर उद्याच नेतो."

मला सांगायला केवढं होतं! पण आदल्याच दिवशी शाळेतून परतताना मी नानांना रिकाम्या काठावर उभं पाहिलं होतं. "घरी जा की आता," म्हटलं. त्यांनी काठीनं पाणी दाखवलं. "तिथं माझी विहीर हाय, गुरुजी. तिच्या अलीकडं मळा. धरणात गेलं सगळं. माणसं येत-जात होती तवर मळ्यात राबता असल्यावानी वाटायचं."

"गर्दी?" मी मुलाला म्हणालो. "अहो, विचारू नका! पाय ठेवायला जागा नाही. नाना नसतील तर मारामाऱ्या होतील."

मुलानं माझ्याकडे बघितलं. तो काठावरूनच आला होता, त्याच्या बुटांना ओला गाळ लागलेला होता.

"मग राहू देत," तो म्हणाला, आणि चहा तसाच ठेवून, डोळे पुसत उठला.

सोमवारी मी सायकल घरीच ठेवली आणि काठावर गेलो. गर्दी म्हटल्यावर निदान एक माणूस तरी हवा.