वाटणीत गेलेली कावीळ

माणसाला रोग दोन कारणांनी होतो: एक, शरीरातल्या बिघाडाने आणि दोन, कार्यालयातल्या नोंदीने. पहिल्या प्रकारचा रोग औषधाने, क्वचित औषध न घेतल्यानेही बरा होतो. दुसऱ्याला सक्षम अधिकाऱ्याची सही लागते. हे शास्त्र आरोग्य कार्यालयातले वरिष्ठ लिपिक चंद्रप्पा यांना जेवढे कळले होते, तेवढे तिथल्या डॉक्टरांनाही कळले नव्हते. (डॉक्टरांचे पद रिक्त होते.)

जुन्या जिल्ह्याचे दोन तुकडे होऊन नवा जिल्हा झाला आणि त्याच साली पाऊस आला नाही. नव्या जिल्ह्याच्या वाट्याला कपाटे, खुर्च्या आणि एक जीप (ढकलून चालू होणारी) आली. रोगांच्या नोंदवहीवर मात्र गाडे अडले. वही एक, जिल्हे दोन. तेव्हा चंद्रप्पांनी खुर्च्यांप्रमाणेच वहीतले चोवीस रोगही निम्मे निम्मे वाटून घ्यावेत असा प्रस्ताव मांडला, आणि तो एकमताने मंजूर झाला.

वाटणीला बसण्यापूर्वी त्यांनी प्रत्येक रोगाची कारणे आणि लक्षणे नीट अभ्यासली. खरूज: कारण, अंघोळ न मिळणे, लक्षण, खाजवणे, स्वभावाने गरीब. हिवताप: कारण, डास, डासाला पाणी लागते, ते नाही, म्हणून बिनधोक. सर्दी: कारण, पावसात भिजणे, यंदा प्रश्नच नाही. ही गुणी मंडळी त्यांनी आपल्याकडे ओढली. कावीळ, हगवण आणि पटकी यांचे कारण दूषित पाणी. टँकरचे पाणी शुद्ध असल्याचा दाखला चंद्रप्पांच्याच सहीने निघत असे. त्यामुळे हे तिन्ही रोग त्यांनी मोठ्या मनाने जुन्या जिल्ह्याला देऊन टाकले, वर एक कपाटही दिले.

गुण ताबडतोब आला. टँकर पूर्वीच्याच गढूळ विहिरीवर भरत होते, तरी आठ महिन्यांत कावीळ शून्य. पिवळे डोळे घेऊन कोणी आलाच, तर त्याची नोंद 'खरूज (डोळ्यांची)' अशी होई आणि मलमाची डबी मिळे. खरूज चारशे टक्क्यांनी वाढली, पण खरजेला विचारतो कोण.

मग एका सोमवारी भाकर वाढता वाढता त्यांच्या पत्नीचा, सिद्धम्माचा, हात थांबला.

"अवो, डोळे हळदीवानी दिसून राहिले की तुमचे. चार दिस झाले, घास उतरंना. कावीळ हाय ही."

"आपल्या जिल्ह्यात कावीळ न्हाई," चंद्रप्पा म्हणाले.

"जिल्ह्यात नसंल. तुमच्यात हाय."

सिद्धम्मा मनातून फार घाबरली होती, कारण तिचा थोरला भाऊ याच दुखण्यात गेला होता. चंद्रप्पाही घाबरले होते, पण ते शून्यासाठी. पुढच्या आठवड्यात त्यांचा सत्कार होता, आणि शून्याचा एक झाला तर शाल गेली.

तोडगा शेवटी तिनेच काढला. तिचे माहेर देगलूरचे, म्हणजे नांदेड जिल्ह्यातले. त्या जिल्ह्याची वाटणी झालेली नसल्याने तिथे चोवीसच्या चोवीस रोग चालत होते. चंद्रप्पांनी रजा टाकली (कारण: खरूज) आणि दोघे एसटीत बसले.

वाटेत त्यांच्या पोटात ढवळू लागले.

"खिडकीतून ओका की," सिद्धम्मा म्हणाली.

चंद्रप्पांनी तोंडावर रुमाल दाबून नकाराची मान हलवली. ओकारी हे काविळीचे लक्षण, ते हद्दीच्या आत कसे दाखवणार? एकवीस किलोमीटर त्यांनी जिल्ह्याची इभ्रत घशात अडवून धरली. सिद्धम्मा पाठीवरून हात फिरवत राहिली. हद्दीचा दगड मागे पडला, तेव्हा कुठे त्यांनी खिडकी गाठली.

देगलूरला सलाईन लागले आणि ते महिनाभर उजळ माथ्याने आजारी पडून राहिले. जीव वाचला. शाल टपालाने आली.

'दुष्काळातही नवा जिल्हा कावीळमुक्त' ही बातमी पेपरात आली, ती तुम्हीही वाचली होती. चहाचा घोट घेत 'बघा, जिल्हा लहान केला की कारभार सुधारतो' असे म्हणाला होतात, आणि पान उलटून सोन्याचा भाव पाहिला होतात. तुमचा हा रोग चोवीसांच्या यादीत नव्हता, म्हणून त्याची वाटणी झाली नाही आणि तो दोन्ही जिल्ह्यांत सामाईक राहिला. त्याचे कारण अद्याप सापडलेले नाही. लक्षण एकच: रोग्याला अगदी बरे वाटते.